चोवीस जागांचा गाळ

सर माणसाचं डोकं आधी हुंगत आणि मग त्याच्याशी बोलत. लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवशी प्राचार्यांनी आमची ओळख करून दिली. तर हे गृहस्थ नमस्कार सोडून माझ्या अंबाड्याकडे वाकले, दोनदा नाक फुरफुरवलं आणि म्हणाले, "हिरवं सुगंधी तेल. अर्धं तर त्यात खनिज तेलच असते, बाई. उद्यापासून प्रयोगशाळेत असं येऊ नका." मी हदगावची. आमच्याकडे नव्या माणसाला आधी पाणी विचारतात. मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाही तर वाह्यात. पुढं सात-आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. वाह्यात ते मुळीच नव्हते.

तेलाशी त्यांचं वैर होतं म्हणावं तर जन्मभर त्यांनी दुसरं काही शोधलं नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस ज्वारीच्या धसकटांसारखे उभे असत. सायकलच्या साखळीला थेंबभर तेल नसे, त्यामुळे सर येतायत हे अर्ध्या गल्लीला आधीच कळे. स्टाफरूममधला चहाचा स्टोव्ह त्यांनी एकट्यानं उचलून बाहेर नेऊन ठेवला, कारण रॉकेलचा वास भिंतीपलीकडं प्रयोगशाळेत येतो म्हणे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यावरून दोन महिने अबोला धरला. सरांना तो अबोला होता हे कुणीतरी तिसऱ्या महिन्यात सांगितलं.

मूळचे ते माहूरचे. वडील रेणुकेच्या पायऱ्यांशी नारळ आणि ओटीचं सामान विकत. अशा डोंगरावरच्या घरातला हा मुलगा शिकून थेट समुद्रावर गेला, पाहणी करणाऱ्या एका जहाजावर. तिथं काम काय, तर समुद्राच्या तळाचा गाळ वर काढायचा. दोन जबड्यांचं लोखंडी भांडं दोरानं खाली सोडायचं, ते तळाला टेकलं की मिटतं, आणि मूठभर चिखल घेऊन वर येतं. समुद्रात तेलाची विहीर खणायच्या आधी त्या चिखलात मुळात तेल किती आहे ते मोजून ठेवायचं. समुद्राच्या पोटातून आपसूकही थोडं तेल झिरपत असतं. ते किती, हे लिहून ठेवलं नाही तर उद्या विहिरीतून गळालेलं तेल कोणतं आणि मुळातलं कोणतं, हे देवालाही सांगता येणार नाही.

"आधी किती होतं हे ठाऊक न्हाई, तर नंतर किती झालं हे कोण सांगणार?" हे त्यांचं पालुपद. न्हाव्याला सांगत, दूधवाल्याला सांगत. शेजारच्या काकू नव्या सुनेची गाऱ्हाणी घेऊन आल्या, तर त्यांना विचारलं, "सून यायच्या आधी घरात आठवड्याला किती भांडणं व्हायची, ते लिहून ठेवलं होतं का?" काकू त्यानंतर आमच्या कॉलेजवरूनसुद्धा जात नसत.

जहाजावरची नोकरी का सोडली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बाटल्या धुता धुता. एका ठिकाणी विहिरीचं काम सुरू झाल्यावर गाळ काढला आणि चिठ्ठीवर 'आधीचा' असं लिहायला वरून सांगितलं. सर म्हणाले, आधीचा नाही. वरचे म्हणाले, दोन दिवसांनी काय फरक पडतो? "बंदर आलं तसा उतरलो," सर म्हणाले. "पगाराची नोकरी होती, बाई. माय आठ दिवस जेवली न्हाई." एवढं बोलून त्यांनी पुढची बाटली घेतली.

मी सांगतेय ती गोष्ट लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हाची. रोज कुठल्या तरी कचेरीची पाटी रंगत होती. कचेरी आली की जीप आली, जीप आली की डिझेल आलं. चाकूरजवळच्या एका गावात तळ्याच्या वरच्या अंगाला, माळावर, डिझेल साठवायचा डिपो ठरला. पावसानं मात्र सलग दोन वर्षं पाठ फिरवलेली. तळं आटून मध्ये डबकं उरलं होतं आणि गाव त्याच्या काठी झरे उकरून पिण्याचं पाणी भरत होतं. ती बातमी वाचली आणि सरांनी पेपर खाली ठेवला तो उचललाच नाही. म्हणाले, "तळ कोरडा हाय. असा तळ पुन्हा कधी मिळायचा न्हाई. डिपोत पहिला टँकर यायच्या आधी गाळ मोजायचा."

"कुणी सांगितलंय आपल्याला?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. म्हणून तर जाऊन राहिलो."

गावात आम्हाला पहिले भेटले ते आप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, किराणा दुकान, आणि गावचे सरपंच. त्यांना हे सगळं फार आवडलं. "म्हंजे मास्तर, तळ्यात तेल न्हाई असं तुमी लिवून देनार. उद्या डिपोवाल्यानं घाण केली की आमी कागूद दाखवनार. बराबर?"

"बरोबर," सर म्हणाले. "जे असेल ते लिहून देणार."

आप्पांनी पहिला शब्द ऐकला, दुसरं वाक्य ऐकलं नाही.

समुद्राचा माणूस, त्यामुळे सर तळ्यात शिरले ते थेट सगळ्यात खोल जागी, डबक्याच्या कडेला. समुद्रात खोल जागेचा गाळ सगळ्यात निवांत, कुणी न ढवळलेला. तिथला गाळ आम्ही काचेच्या बाटल्यांत भरला आणि लातूरला आणला. तो वाळवायचा, चाळायचा, मग काचेच्या उपकरणात उकळत्या द्रावकानं त्यातलं तेल आठ-आठ तास ओढून घ्यायचं, आणि द्रावक उडून गेल्यावर काचेच्या तबकडीत जे उरेल ते वजन करायचं. सांगायला सोपं आहे. पण द्रावकाची वाफ थंड करायला वरच्या नळीभोवती सतत पाणी वाहतं लागतं, आणि लातूरला तेव्हा नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. सरांनी कपाटावर एक पिंप चढवलं. त्यातलं पाणी नळीतून खाली बादलीत पडायचं, आणि बादली भरली की मी स्टुलावर चढून ती पुन्हा पिंपात ओतायची. दिवसभर. एम.एस्सी. झालेल्या बाईनं पाणक्याचं काम करावं, हे माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी माहेरी पत्र टाकलं असतं.

तबकडीत तेल निघालं. चिमूटभर नव्हे, चांगलं तपकिरी, बोटाला चिकटणारं.

सरांनी आधी माझ्या डोक्याकडं पाहिलं. मी शिकेकाईनं केस धुतले. पुन्हा केलं, पुन्हा तेल. मग त्यांनी सगळ्या बाटल्या भट्टीत भाजल्या, शिपायाला व्हॅसलीन लावायची बंदी केली, आणि मला पंधरा दिवस केसांना तेलाचा हात लावायचा नाही असं बजावलं. कोरडे केस घेऊन घरात वावरायला लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, "कुणी गेलंय का तुज्या माहेरचं? आमाला सांगायचं तरी!" नवऱ्यानं समजूत घातली. मी रडकुंडीला आले होते. आणि तेल निघतच होतं.

तिसऱ्यांदा गाळ आणायला गेलो तेव्हा सकाळी लवकर पोचलो. डबक्यात सात बैलगाड्या आसापर्यंत उभ्या. बैल सोडलेले, काठावर एक म्हातारा बिडी ओढत बसलेला.

"बाबा, गाड्या पाण्यात का?" सरांनी विचारलं.

"चाकं भिजाया घातल्यात की," म्हातारा म्हणाला. "लई वाळून गेले. लाकूड आकसलं की लोखंडी धाव निगून पडतीय. दोन दिस पान्यात ऱ्हायलं की फुगून घट बसतंय. आमच्यात पयल्यापासून हाय हे."

"आणि आसाला वंगण काय घालता?"

"आदी एरंडीचं व्हतं. आता ट्रकवाल्याकडं काळं ऑइल मिळतंय. फुकाट."

प्रत्येक चाकाभोवती पाण्यावर रंगीत तवंग पसरला होता. एरवी हे गाडीवाले तळ्याच्या चारी बाजूंना जागा मिळेल तिथं गाड्या घालत. दुष्काळात पाणी उरलं एकाच ठिकाणी, म्हणून सगळ्या गावचं वंगण त्या एका डबक्यात उतरलं होतं. आणि आम्ही महिनाभर तीच जागा निवांत समजून उकरत होतो. सर मटकन काठावर बसले. "समुद्रात खोल जागी कुणी बैलगाडी घालत न्हाई, बाई," ते म्हणाले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. माझ्या केसांची माफी मागितली नाही. ते मी अजून मनात धरून आहे.

त्यांना वाईट वाटलं ते पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला ते सांडव्याच्या दगडापासून पावलं टाकत निघाले. सगळ्या तळाची चोवीस ठिकाणं पाडली, प्रत्येकाला नंबर दिला. तीन, चार, पाच ही डबक्याची. चौदापासून पुढची डिपोच्या उताराखालची. चोवीस जागा म्हणजे माझ्या कपाळी किती बादल्या, याचा हिशेब मी केला नाही. केला असता तर हदगावची बस धरली असती. आकडे आले. एकवीस जागांवर तेल जवळजवळ नाही. तीन, चार, पाचवर भरपूर.

डिपोत पहिला टँकर यायला आठवडा उरला होता. त्याआधी हा कागद तहसीलदारासमोर गावानं आणि डिपोवाल्यांनी, दोघांनी मान्य करून सही करायचा होता. नाही तर तो रद्दी. आप्पांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, हे तुमी गावाच्या तोंडाला काळं फासून ऱ्हायले. शून्य लिवा. तीन आकडे तर हायत, खोडा."

"काळं गाळात हाय आप्पा. मी फासलेलं न्हाई."

"आवं, उद्या तिकडनं धो धो डिझेल आलं तरी ते म्हनतील, तुमच्याच गाड्याचं हाय. ह्या कागदानं गावाचा गळा कापला जाईल. आमी न्हाई सही करनार."

खरं सांगायचं तर मला आप्पांचं पटलं होतं. मी परतीच्या बसमध्ये तसं म्हणालेही.  दुसऱ्या दिवशी सरांनी रजा टाकली आणि आप्पांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. चार दिवस. सकाळी आप्पा लिंगपूजा आटोपून दुकान उघडायचे, तो सर पायरीवर हजर. दारात आलेला माणूस उपाशी बसवायचा नाही म्हणून आप्पा शिव्या घालत भाकरी आणि तेल घातलेली शेंगाची चटणी पाठवायचे. सर चटणी परत करायचे, हात तेलकट होतात म्हणून, आणि कोरडी भाकरी खायचे. गावात हा तमाशा बघायला माणसं जमू लागली.

चौथ्या दिवशी मी दोन काचेच्या तबकड्या घेऊन गेले, सरांनीच मागवल्या होत्या. एकीत तीन नंबरचं तपकिरी तेल, दुसरी चौदा नंबरची, लख्ख. सरांनी दोन्ही आप्पांच्या तागडीशेजारी ठेवल्या.

"आप्पा, हे तुमचं हाय," तपकिरी तबकडीवर बोट ठेवून ते म्हणाले. "आणि हे तळ्याचं. आपलं तेवढं आपलं म्हणून कबूल करा. मग त्याच्यावर जे येईल ते आपलं न्हाई, हे ठामपणे म्हणता येते. शून्य लिहिलं आणि त्यांनी उद्या डबक्यात बोट बुडवलं, तर तुमचे खरे एकवीस आकडेबी खोटे ठरतील."

आप्पांनी एकेक तबकडी उचलून उजेडाकडं धरून पाहिली. एक गिऱ्हाईक गूळ मागत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग म्हणाले, "तीन, चार, पाच आमचं. गाड्याचं तेल हाय, गावाला मान्य हाय. असं लिवा खाली, माज्या नावानं." आणि त्यांनी सही केली.

डिपोचे साहेब आले ते हसतच आले. गाववाले शून्य म्हणून अडून बसतील आणि आपण डबकं दाखवून कागद उडवून लावू, अशी त्यांची तयारी. पण जे ते दाखवणार होते ते आप्पांनी आधीच लिहून दिलेलं. तहसीलदारांनी त्यांच्यापुढं पेन सरकवलं. टँकर यायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

त्यानंतर दर वैशाखात तळ उघडा पडला की चोवीस जागांचा गाळ मोजायचा, हा सरांचा नेम झाला. लोक माहूरला जातात तसे ते या तळ्यावर जात. गावानं गाड्यांसाठी वेगळा खड्डा केला आणि तीन, चार, पाचचे आकडे उतरू लागले. सर त्या आकड्यांवर इतके खूश, की एकदा त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले आणि कारण कुणालाच कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी वैशाखात सरांचं पोटाचं ऑपरेशन झालं, नांदेडला. गाळ काढायचं माझ्यावर आलं. मी एकटी गेले. बांधाकडच्या अकरा जागा केल्या. पलीकडं वेडी बाभूळ माजलेली, ऊन टाळूत शिरत होतं, आणि खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. दोन वर्षं तिथं काही निघालं नव्हतं. मी घरी आले, अकरा जागा मोजल्या आणि सरांना भेटायला नांदेडला गेले.

ते खाटेवर अगदी वाळून गेले होते. मला बघून पहिला प्रश्न, "झाल्या चोवीस?"

त्या माणसाला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "झाल्या."

"चौदा?"

"मागच्याइतकंच, सर."

"सतरा?"

"तेही तेवढंच."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग अगदी हळू म्हणाले, "सतरावर या साली पिण्याच्या पाण्याची विहीर खणली, बाई. आप्पा मागच्या महिन्यात येऊन सांगून गेला. तिथला गाळ तुम्ही कुठून आणला?"

मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडं बघत होता. सर रागावले असते तर मी सहन केलं असतं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "डिपोचा वकील असाच एक आकडा धरील आणि उरलेले तेवीस फेकून देईल. जा, करून या."

मी गेले. लातूरहून बाटल्या घेतल्या, चाकूरची बस धरली, बाभळीनं हात सोलून घेतले आणि राहिलेल्या बारा जागा केल्या. सतरापुढं लिहिलं, 'जागा उरली नाही, विहीर झाली.' मग सहा दिवस स्टूल, बादली आणि पिंप. चौदा नंबरची तबकडी वजन करायचीही गरज नव्हती. तळाशी पिवळट तेल डोळ्यांना दिसत होतं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पंधरामध्येही थोडं.

सरांनी नांदेडला तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला. "चौदा ते विहीर, किती पावलं?"

"चाळीस."

ते टाके विसरून उठायला लागले. नर्सनं त्यांना दाबून बसवलं.

डिपोवाले अपेक्षेप्रमाणं म्हणाले, गावातल्या गाड्यांचं असेल. तेव्हा तहसीलदारांनी जुना कागद काढला. गाड्यांचं तेल कुठं होतं आणि किती होतं, हे त्यावर आप्पांनी कबूल केलेलं होतं, आणि चौदाला काही नव्हतं, हे डिपोनं. माळावर खणल्यावर जमिनीखालच्या डिझेलच्या नळाचा सांधा ठिबकताना सापडला. गावाला तोवर टँकरनं पाणी दिलं, सांधा बदलला, खालचा सगळा गाळ उकरून नेला. विहिरीत तेल पोचलं नव्हतं. हिंडायला लागल्याबरोबर सरांनी ते पाणी स्वतः तीनदा तपासलं आणि मगच दोर सोडायला परवानगी दिली.

त्या दिवशी मीही गावात होते. सर विहिरीपाशी कुणालातरी सून आणि भांडणांची गोष्ट सांगत होते. आप्पांनी दुकानात बोलावून मला तांब्याभर पाणी दिलं. म्हणाले, "प्या बाई. ह्याच हिरीचं हाय. तुमच्या भरवशावर पितंय सारं गाव."

 मी तांब्या तसाच खाली ठेवला आणि आप्पांना सगळं सांगितलं. अकरा जागा केल्या, चोवीस सांगितल्या. चौदा नंबर न बघताच 'मागच्याइतकंच' म्हणाले. सरांनी पकडलं नसतं तर या विहिरीचं काय झालं असतं, तेही सांगितलं. 

आप्पांनी ऐकून घेतलं. 

"मीबी शून्य लिवा म्हनलो व्हतो, बाई," ते म्हणाले आणि तांब्या पुन्हा माझ्याकडं सरकवला. "पानी प्या."